फवारणी झाली, मच्छरदाणीही आहे, तरी दर पावसाळ्यात घरात ताप: दोष कुठं शोधायचा?

रोवणी उरकत आली की गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या गावांत तेच गाऱ्हाणं ऐकू येतं. फवारणीवाले येऊन गेले, मच्छरदाण्या वाटून झाल्या, नाल्या उपसल्या, तरी यंदाही घरात ताप आलाच. त्यातही काही घरं ठरलेली असतात. शेजारी कुणाला काही होत नाही आणि या घरात दर भादव्यात दोघं-तिघं अंथरूण धरतात. घरातली म्हातारी मग म्हणते, आपल्या घरालाच काहीतरी लागलं आहे.

कीटकजन्य आजारांच्या कामात मी गावोगावची घरं आतून बघत आलो आहे. अशा ठरलेल्या घरांत दोष बहुतेक वेळा बांधणीत किंवा घर वापरण्याच्या रीतीत सापडतो, आणि त्यातला बराचसा घरच्या माणसांना स्वतःच्या हातानं दुरुस्त करता येतो. मात्र आपल्याकडे एक अट पाळावीच लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढं जातो आणि सप्टेंबरातही रात्री घामानं अंग भिजतं. डास येऊ नये म्हणून घर गच्च बंद केलं आणि आत जीव गुदमरायला लागला, तर माणसं बाज उचलून अंगणात जातात. मग बंद केलेल्या घराचा उपयोग काय? म्हणून खाली सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती करताना वारा खेळता राहतो की नाही ते आधी बघा.

आधी ठरवा, चावतंय कोण

सगळ्या तापांवर एकच उपाय करत बसल्यानं फार मेहनत वाया जाते. मलेरियाचा ॲनाफिलीस डास रात्री चावतो आणि धानाच्या बांध्या, संथ ओढे, खड्ड्यांतलं स्वच्छ पाणी यांत वाढतो. पूर्व विदर्भात त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. क्युलिसिफेसीस गोठ्यात रमतो आणि जनावरांचं रक्त जास्त पितो. फ्लुव्हिएटिलिस डोंगरपायथ्याच्या वाहत्या झऱ्यांत वाढतो आणि माणसाकडं जास्त ओढला जातो. डेंगू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि आपणच साठवलेल्या पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात, शौचालयाच्या टाकीत वाढतो आणि रात्री चावतो. जपानी मेंदूज्वराचा डास क्युलेक्सच्याच दुसऱ्या गटातला. तो धानाच्या पाण्यात वाढतो आणि विषाणू त्याला डुकरांकडून नि बगळ्यांसारख्या पक्ष्यांकडून मिळतो. तुमच्या जिल्ह्यात या आजाराची लस मिळत असेल तर लेकरांना ती चुकवू नका.

चांदीपुरा तापाचा वाहक तर डासच नाही. ती वाळूमाशी, आरोग्य खात्याच्या पत्रकात जिला सँडफ्लाय म्हणतात. तिच्याबद्दल पुढं वेगळं लिहिलं आहे.

घरात कोण आहे हे बघायला सकाळची वेळ चांगली. सहा-साडेसहाला, दार उघडण्याआधी, टॉर्च घेऊन खुंटीला टांगलेल्या कपड्यांच्या मागं, खाटेखाली, धान्याच्या ढोलीमागं, देवघराच्या कोपऱ्यात बघा. रात्री रक्त पिऊन जड झालेले डास तिथं बसलेले असतात. शेपूट वर आणि डोकं भिंतीकडं असा तिरका बसला असेल तर तो ॲनाफिलीस. भिंतीला समांतर, कुबड काढून बसला असेल तर क्युलेक्स. पायांवर पांढरे पट्टे असतील तर एडिस. पोट लाल किंवा काळपट फुगलेलं दिसलं, तर त्यानं रात्रीच कुणाचं तरी रक्त प्यालेलं आहे, माणसाचं नाहीतर गोठ्यातल्या गुराचं. असे चार-पाच ॲनाफिलीस एका खोलीत सापडले, तर त्यांना आत यायची वाट मोकळी आहे आणि बसायची भिंतही त्यांना चालते आहे. दोन्हीचा शोध घ्यावा लागेल.

तोच माणूस पुन्हा आजारी पडत असेल तर

घराला दोष देण्याआधी हे तपासा. घरात वेगवेगळी माणसं आजारी पडतात की एकालाच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ताप येतो? मलेरियाचा व्हायवॅक्स प्रकार यकृतात दडून राहतो आणि नवा डास न चावताही महिन्यांनंतर उसळतो. त्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, काम तोंडावर असतं, आणि उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात. असं झालं असेल तर घराला कितीही जाळ्या लावा, ताप येईलच. आशाताईंना किंवा उपकेंद्रात जुना रिपोर्ट दाखवा आणि मागच्या वेळी औषध अर्धवट राहिलं हे मोकळेपणानं सांगा. हे औषध गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यालाही ते अपाय करतं, म्हणून दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कुणी घेऊ नयेत.

दुसरं असं, की आजारी पडणारे फक्त शेतावर जागलीला जाणारे किंवा तेंदूपत्त्याला, मोहफुलाला जंगलात मुक्काम करणारे पुरुष आहेत का? मग लागण बाहेर होते आहे. त्यांच्यासोबत मच्छरदाणी जायला हवी. घर दुरुस्त करून त्यांचा प्रश्न सुटणार नाही.

लहान मुलं, म्हातारी माणसं, बाळंतीण, म्हणजे जी रात्री घर सोडत नाहीत तीच आजारी पडत असतील, तर दोष घरात आहे.

दुपारी दार लावून आत बसा

ऊन चढलं की घरात जा, सगळी दारं-खिडक्या लावा, दिवा बंद करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग जिथून जिथून उजेड आत येतो तिथं चुन्यानं खूण करा. आगकाडी सरकेल एवढी फट डासाला पुरते. मी जिथं जिथं हे करायला लावलं तिथं घरच्यांना आश्चर्य वाटलं, कारण रोज राहणाऱ्या माणसाला या फटी दिसत नाहीत.

कवेलूच्या घरात सर्वांत मोठी फट असते भिंत संपते आणि छप्पर सुरू होतं तिथं. वासे भिंतीच्या माथ्यावर टेकवलेले, आणि दोन वाशांमधली जागा हात जाईल एवढी मोकळी. ही जागा आपल्या पूर्वजांनी उगाच ठेवलेली नाही. चुलीचा धूर आणि दिवसभराची गरम हवा तिथून बाहेर जाते. काही जण मलेरियाच्या भीतीनं ती विटा-मातीनं बुजवून टाकतात. पहिल्याच आठवड्यात धुरानं डोळे चुरचुरतात आणि कुणीतरी काठीनं एक वीट पाडून पुन्हा भोक करतं. म्हणून तिथं जाळीच हवी.

ती लावायची रीत सोपी आहे. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला लावायची फायबरची जाळी फुटावर मिळते. दोन वाशांमधल्या अंतरापेक्षा चार बोटं जास्त रुंद पट्टी कापा. वरची कड बांबूच्या कांबीखाली दाबून छपराच्या फाट्याला ठोका, खालची कड दुसऱ्या कांबीखाली भिंतीच्या माथ्यावर. वासा गोल असतो, त्यामुळं दोन्ही बाजूंना बारीक फट राहतेच. तिथं तणस कालवलेल्या मातीचा गोळा बोटानं दाबून बसवा. हे काम आतून करा, म्हणजे पावसाच्या झडीनं माती धुपत नाही. चुलीच्या बाजूची जाळी काजळीनं भरते. भोकं बुजली की वारा थांबतो आणि मग ती फाडली जाते, म्हणून त्या बाजूची जाळी महिन्या-दीड महिन्यानं ओल्या फडक्यानं पुसा.

कवेलू स्वतःही पूर्ण बंद नसतात. माकडं नाचून गेली की दहा-वीस फुटतात नि सरकतात. दरवर्षी मृगाआधी घर फेरताना तिकडं लक्ष द्यावंच, पण प्रत्येक फट बुजवणं शक्य नाही. त्यापेक्षा झोपायच्या खोलीपुरतं छत करा. विणलेला बांबूचा तट्टा वाशांखाली ताणून बांधला की ऊनही अडतं आणि वरून येणारा डासही. तट्ट्याची वीण सैल असेल तर खालून जाळी लावा. आफ्रिकेतल्या गांबिया देशात घरांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. काही घरांना दार, खिडकी, छपराखालच्या फटी अशी पूर्ण जाळी लावली, काहींना फक्त जाळीचं छत केलं. दोन्ही प्रकारच्या घरांत शिरणारे डास जवळपास निम्म्यावर आले. साध्या घरांतल्या मुलांपैकी 19 टक्क्यांना रक्तक्षय होता, जाळीच्या घरांत 12 टक्क्यांना. तिथला डास आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे आणि छपराखालून शिरण्यात पटाईत आहे. आपल्याकडचा दार-खिडकीतूनही तितक्याच सहज येतो, म्हणून आपल्याला दोन्हीकडं बघावं लागतं.

त्याच देशात पुढं टिनाचं छप्पर आणि जाळीची दारं-खिडक्या असलेली सुधारलेली घरं बांधून बघितली. मच्छरदाण्या सगळ्यांनाच दिलेल्या होत्या. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षांत या घरांतल्या मुलांना जुन्या घरांतल्या मुलांपेक्षा मलेरिया कमी झाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मूल रात्री दहापर्यंत अंगणात खेळत असेल आणि कधी या घरी, कधी काकाच्या घरी झोपत असेल, तर एका घराची जाळी त्याला किती वाचवणार? जाळी लावा, आणि दिवेलागणीनंतर लेकरं कुठं असतात तेही बघा.

कूलरची खिडकी

हा दोष खास आपल्याकडचा आहे आणि मला तो घरोघर दिसतो. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसवायचा म्हणून खिडकीची जाळी कापतात, कधी गजही काढतात. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद होतो. तो खिडकीतच राहिला तर त्याच्या बाजूंनी हातभर फटी आणि तळाला पाणी. काढून ठेवला तर खिडकीला भलं मोठं भोक, त्याला आडोसा म्हणून युरियाचं पोतं. म्हणजे मलेरिया आणि डेंगू दोन्हींचे महिने सुरू होतात नेमकं तेव्हा घराची सर्वांत मोठी खिडकी उघडी पडते.

उपाय करायला अर्धा दिवस पुरतो. कूलरच्या मापाची लाकडी चौकट सुताराकडून करून घ्या किंवा जुन्या खाटेच्या पट्ट्यांची घरीच करा. तिला जाळी ठोका आणि खिडकीच्या चौकटीला चार फिरक्या लावा. कूलर निघाला की चौकट बसली, होळीनंतर चौकट निघाली की कूलर बसला. कूलरची टाकी रिकामी करताना आतल्या बाजू काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. एडिस अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ती वाळली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं असं वाटतं, पण अंडी तिथंच असतात. गवताच्या ताट्या काढून उन्हात वाळवा, टाकी उलटी करून ठेवा.

हीच गोष्ट रांजण, सिमेंटचं टाकं, न्हाणीतला ड्रम यांची. नळ दिवसाआड येतो तिथं पाणी साठवू नका असं सांगण्यात अर्थ नाही. अंडं ते डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून भांडी रिकामी करून आतून घासायची, आणि मधल्या दिवसांत वर कापड बांधायचं. झाकणी ठेवली तर ती तिरकी राहते, कापडाला दोरी बांधलेली असली की ते सरकत नाही. रिकामं करता येत नाही अशा मोठ्या टाक्यात गप्पी मासे सोडा. उपकेंद्रात विचारलं की ते कुठं मिळतात ते कळतं.

फवारणी झाली, मग ती कुठं गेली?

मातीच्या घरांत सर्वाधिक वाया जाणारी गोष्ट हीच. घरातली फवारणी डासांना हुसकावण्यासाठी नसते. औषध भिंतीवर राहावं आणि रक्त पिऊन विसाव्याला बसलेला डास त्या भिंतीवर मरावा यासाठी ती असते. अडीच-तीन महिने तिचा असर राहावा अशी अपेक्षा असते. आता आपलं पंचांग बघा. फवारणी पावसाळ्याच्या तोंडाशी होते. मग पोळा येतो, महालक्ष्म्या येतात, नवरात्र येतं, आणि प्रत्येक सणाआधी भिंती शेणमातीनं सारवून, पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवून लख्ख होतात. औषधाचा थर मातीखाली गाडला जातो. डास नव्या ताज्या पोताऱ्यावर निवांत बसतो.

एका घरी दारावर फवारणीची तारीख खडूनं लिहिलेली होती आणि आत भिंतीवर पोताऱ्याची बोटं अजून ओली होती. घरची सून म्हणाली, "डाग पडले होते ना भाऊ भिंतीवर, सणाला असं कसं ठेवायचं?" तिचं म्हणणं चुकीचं नाही. सणाला घर स्वच्छ असावंच. म्हणून वेळ बदलायची. फवारणीची तारीख ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंकडं आधी कळते. तिच्या दोन-तीन दिवस आधी आतल्या भिंती सारवून, भेगा बुजवून पूर्ण वाळू द्या. त्यानंतर अडीच-तीन महिने आतल्या भिंतींना हात लावायचा नाही. सणाला जमीन सारवा, ओसरी सारवा, बाहेरच्या भिंतीला पोतारा आणि गेरूचा पट्टा द्या. घर सणाचं दिसतं आणि औषधही शाबूत राहतं.

दुसरी अडचण अर्धवट फवारणीची. पुढची ओसरी मारू देतात, आतली खोली नको म्हणतात, कारण तिथं देवघर आहे, धान्य आहे, चूल आहे. पण डास बसतो तो तिथंच, अंधाऱ्या आतल्या खोलीत. देव आणि भांडी कापडात बांधून बाहेर न्या, ढोलीवर ताडपत्री टाका आणि तीच खोली आधी मारून घ्या. फवारणारी पोरं घाईत असतात. छपराच्या आतली बाजू, दारामागची भिंत, खाटेमागचा कोपरा यांवर पंप फिरला का ते स्वतः उभं राहून बघा. क्युलिसिफेसीस डास डीडीटी या फवारणीच्या औषधाला फार ठिकाणी दाद देत नाही, हेही खरं आहे. भिंत न सारवताही सकाळी टॉर्चनं भरपूर जिवंत डास सापडत असतील तर तसं आरोग्य सेवकाला कळवा. ही माहिती त्यांना वर द्यायला हवी असते.

भिंतीच्या भेगा आणि वाळूमाशी

चांदीपुरा हे नाव नागपूरजवळच्या ज्या चांदीपुरा गावावरून पडलं, तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात 1965 मध्ये हा विषाणू पहिल्यांदा सापडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्या राज्यात त्यानं अनेक मुलं नेली, 2024 मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तो गाठतो. एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यावर लस नाही, नेमकं औषध नाही. ताप नि झटके दिसले की मांत्रिकाकडं किंवा गावातल्या सुईवाल्याकडं तासभरही घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, मळकट, पंख उभे धरून बसणारी. तिला उडता फारसं येत नाही, ती भिंतीच्या बुडाशी टुणटुण उड्या मारत जाते. तिच्या अळ्या पाण्यात वाढत नाहीत. शेण, कुजकं तणस मिसळलेल्या ओलसर मातीत वाढतात. म्हणून नाली उपसून, डबकी बुजवून या आजारावर काहीच फरक पडत नाही, आणि खिडकीच्या साध्या जाळीच्या भोकातून ती सहज आत येते. इथं काम भिंतीचं आणि गोठ्याचं आहे.

कुडाच्या नि मातीच्या भिंतींना उन्हाळ्यात भेगा पडतात. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंतच्या भेगा पावसाआधी बुजवा, आतून आणि बाहेरून. वरवर पोतारा फिरवून भेग बुजत नाही. खिळ्यानं कोरून आतली भुसभुशीत माती काढा, पाणी शिंपडा आणि मग चाळलेली माती, भुसा नि थोडा चुना कालवून आत दाबा. वाळूमाशीनंच पसरणाऱ्या काळा आजाराच्या पट्ट्यात चुना-मातीच्या गिलाव्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यानं घरातल्या वाळूमाश्या कमी झालेल्या दिसल्या आहेत. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा सर्वांत आधी घ्या, तिथं ओल असते.

गोठा घराच्या भिंतीला लागून असेल, किंवा एकाच छपराखाली मधे नुसता तट्टा असेल, तर तो तट्टा दोन्ही बाजूंनी लिंपून पूर्ण भिंत करा आणि मधलं दार बंद करा. जमलं तर गोठा सांदवाडीत मागं हलवा. गोठ्याची जमीन मुरूम टाकून, ठोकून, उताराची करा, म्हणजे मूत साचत नाही. शेण रोज उचला आणि उकिरडा घरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात त्यानं चावे तात्पुरते कमी होतात, पण भेगेतली माशी काही मरत नाही, आणि बाळाच्या छातीला धूर वाईट.

घराभोवतीचं गवत कापायचं कारण वेगळं आहे. नागपूर भागात 2018 मध्ये स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. तो आजार गवतातल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यानं होतो. अंगणाच्या कडेचं रान नि लाकडाचे ढीग दूर ठेवा, गवतात बसून आलेल्या मुलाला आंघोळ घाला. अंगावर काळी खपली असलेला चट्टा आणि ताप असेल तर डॉक्टरांना तो चट्टा दाखवा.

मोरीचं पाणी आणि शौचालयाची नळी

शौचालयाला सेप्टिक टाकी असेल तर तिच्या हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी किंवा कापड तारेनं घट्ट बांधा. एवढ्या एका कामानं क्युलेक्सचा मोठा कारखाना बंद होतो. टाकीच्या झाकणाच्या सांध्यांत सिमेंट भरा. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करा. रोजगार हमीतून तो मिळतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून उघड्या गटारांची गरजच संपवली, आणि डास कमी झालेलं गाव म्हणून लोक ते बघायला जातात. आपल्या काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून खड्डा जरा मोठा घ्या आणि मोरीतून येणारा गाळ आधी एका छोट्या कुंडीत अडवा, नाहीतर दोन वर्षांत तो तुंबतो. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की गोळ्या तिथंच, समोर खा.

नवं घरकुल बांधत असाल तर

घरकुलाला प्रधानमंत्री आवास योजनेत साध्या भागात 1.20 लाख, डोंगराळ नि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत 1.30 लाख अशी मूळ रक्कम आहे आणि किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. जोत्याला, भिंतीला, छताला ते संपतात, आणि जाळी "मागाहून लावू" म्हणून राहते ती कायमची. म्हणून मिस्त्रीशी बोलणं चौकटी बसवण्याआधी व्हायला हवं. खिडकीच्या चौकटीलाच जाळीसाठी खाच ठेवायला सांगा. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत घ्या, एकाच भिंतीत दोन नकोत, म्हणजे जाळी लावूनही वारा आरपार जातो. माणसांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोंडला की डास त्याच्या वासावर येतो, त्यामुळं खेळती हवा गारव्यासाठी जितकी तितकीच डासासाठीही लागते. वर झरोके घ्या, त्यांना बाहेरून जाळी. टिनाचं छप्पर असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी पाख्यांत जाळीची मोठी तोंडं ठेवा आणि खाली तट्ट्याचं छत, नाहीतर त्या खोलीत सप्टेंबरातही कुणी झोपणार नाही. दाराच्या खाली बोटभर फट राहते, तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका.

दाराला जाळीचं दुसरं पान परवडत नसेल तर पडदा करा. फाटून निकामी झालेली मच्छरदाणी दुहेरी शिवून, खालच्या कडेत वाळूची बारीक पिशवी घालून टांगली की ती वाऱ्यानं उडत नाही. चांगली मच्छरदाणी मात्र यासाठी कापू नका, आणि जुनी असो वा नवी, ती घेऊन नाल्यावर मासे धरायला जाऊ नका. तिच्यावरचं औषध पाण्यात उतरतं आणि माशांना मारतं.

घर कितीही नीट केलं तरी उकाड्याच्या रात्री कुणी ना कुणी बाहेर झोपणारच. त्यासाठी बाजेच्या चारही पायांना बांबूच्या काड्या कायमच्या बांधून ठेवा, म्हणजे अंगणातही मच्छरदाणी दोन मिनिटांत ताणता येते. औषधी मच्छरदाणी साधारण तीन वर्षं, वीसेक धुण्यांपर्यंत टिकते. साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा, कारण कडक उन्हानं औषध जातं. कडा गादीखाली खोचा. भोक दिसलं की त्याच दिवशी टाका घाला.

दुरुस्ती केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा सकाळी टॉर्च घेऊन त्याच जागा बघा. डास कमी झाले नसतील तर दुपारी दार लावून उजेडाच्या खुणा परत शोधा. बहुतेक वेळा वाशाजवळची माती सुकून सुटलेली असते किंवा मांजरानं जाळीचा एक कोपरा उचकटलेला असतो. आणि ताप आलाच, तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका. आशाताईंकडं रक्ताची तपासणी पट्टी असते, निकाल वीस मिनिटांत कळतो. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार निघाला तर त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं.